वाड्याच्या वाटपाचा दावा आणि एक अनुभवी मध्यस्थ

आमच्या वडिलोपार्जित वाड्याच्या वाटपाचा दावा नऊ वर्षे रेंगाळल्यानंतर न्यायालयाने तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली मध्यस्थीकडे पाठवला. मध्यस्थ म्हणून लाभलेल्या वकीलबाई तीसहून अधिक वर्षे दिवाणी दावे चालवून आता मध्यस्थी व लवादाचेच काम करतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी स्पष्ट केले की लवाद निवाडा देतो आणि १९९६ च्या लवाद व समेट कायद्यातील कलम ३४ नुसार त्याला मोजक्याच कारणांवर आव्हान देता येते. मध्यस्थ मात्र काहीही लादत नाही आणि बैठकीत बोललेले न्यायालयापुढे जात नाही.

त्यांचे खरे कौशल्य स्वतंत्र बैठकांत दिसले. दावा लांबल्यास पुढे अपील, मग दुसरे अपील, तोवर वाड्याची काय अवस्था होईल, हे त्यांनी प्रत्येकाला इतक्या शांतपणे दाखवले की, माझ्या थोरल्या भावाने प्रथमच वाड्याचे मूल्यांकन मान्य केले. उलटतपासणीत मुरलेली व्यक्ती इतके ऐकून घेऊ शकते, याचे मला मनापासून कौतुक वाटते. उणीव एकच: पहिली संयुक्त बैठक चार तास चालली आणि वृद्ध आत्याला ती झेपली नाही.

पाचव्या बैठकीत तडजोडीवर सह्या झाल्या. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २३, नियम ३ प्रमाणे न्यायालयाने तिच्या आधारे हुकूमनामा केला. नात्यातल्या मालमत्तेच्या वादासाठी मी त्यांच्याकडे निःशंकपणे पुन्हा जाईन.