फोन वसूल, पेड ॲपचं जरा बघून

वर्षभर वापरून लिहितोय. फोन १८ हजारांचा, दादरला घेतला, कंपनीचं नाव राहू दे. मुलुंड-सीएसएमटी अप-डाऊन, वर लंचमध्ये क्रिकेट, तरी बॅटरी रात्रीपर्यंत टिकते. पावसात मात्र ओल्या बोटाला स्क्रीन ढिम्म हलत नाही, टीसी समोर उभा आणि मी शर्टाला बोट पुसत पास उघडतोय! तरी पासाची रांग सुटली, तिथेच पैसे वसूल.

पेड ॲपचं गणित वेगळं. रोज लागतं ते लोकलचं टाइमटेबल दाखवणारं एम-इंडिकेटर, ते फुकट. एका फोटो एडिटिंग ॲपची फ्री ट्रायल घेतली, विसरलो, आणि महिन्याला ३९९ कटायला लागले, तीन महिने कळलंच नाही. चूक माझीपण आहे म्हणा, आरबीआयच्या नियमाने पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो आलेला, मीच ऑफर समजून उडवला. शेवटी यूपीआयच्या ऑटोपेत जाऊन बंद केलं, दोन मिनिटांचं काम.

आता फक्त फोटोंच्या क्लाउड स्टोरेजचे भरतो, कारण मागचा फोन लोकलमध्ये मारला गेला तेव्हा मुलीच्या बारशाचे सगळे फोटो गेले होते. बायको अजून ऐकवते.