"गाडीला एकही भोक पाडणार नाही" म्हणणारा हीटरवाला

दिवाळी झाली की पुणे, मुंबई, नाशिककडची मंडळी हिवाळ्यातल्या स्पिती-लडाखच्या तयारीला लागतात आणि गाडीत झोपता यावं म्हणून डिझेल एअर हीटरची, म्हणजे डिझेल जाळून केबिन गरम करणाऱ्या छोट्या यंत्राची चौकशी सुरू होते. थार असो की गुरखा, गाडी नवी असते, वॉरंटी चालू असते आणि फ्लोअरचा पत्रा कापायचा म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. विकणारा हे बरोबर ओळखतो. "साहेब, गाडीला एकही भोक पाडणार नाही," या एका वाक्यावर सौदा होतो. फसवणूकही याच वाक्यात आहे.

हीटरमध्ये दोन वेगळ्या हवा फिरतात. एक केबिनमधली हवा, जी गरम पत्र्यावरून फिरून परत केबिनमध्ये येते. दुसरी ज्वलनाची हवा, जी बाहेरून आत यायला हवी आणि धूर होऊन बाहेरच जायला हवी. या दोन हवांची गाठ कुठेही पडता कामा नये. म्हणून हीटर केबिनमध्ये बसवला तर हवेचा पाइप, धुराचा पाइप आणि डिझेलची नळी, तिन्ही फ्लोअरमधून खाली गेल्याच पाहिजेत. भोक नाही म्हणजे या तिघांपैकी काहीतरी आतच राहिलं.

असं एक फिटिंग एका गुरखाच्या डिकीत पाहायला मिळालं. टाकी, पंप आणि हीटर एकाच पेटीत असलेला तयार संच, डावीकडे रॅचेट बेल्टने आवळलेला. अशी पेटी खरं तर गाडीबाहेर ठेवून फक्त गरम हवेची नळी खिडकीतून आत घेण्यासाठी असते. इथे पेटीच आत होती. धुराचा पाइप मागच्या दाराच्या फटीतून बाहेर काढलेला, त्यामुळे दाराचं रबर चेपून तिथे बोट जाईल एवढी फट पडलेली. ज्वलनाच्या हवेचा पाइप डिकीतच उघडा. सायलेन्सरही आतच. या स्वस्त संचांमधला सायलेन्सर दोन दाबलेल्या पत्र्यांचा असतो. त्याची शिवण वायुरोधक नसते आणि खालच्या अंगाला पाणी गळायला बारीक छिद्र असतं. बाहेर असेल तर दोन्ही चालतं. इथे शिवणीवरून बोट फिरवलं तर बोट काळं झालं आणि त्या छिद्राखालच्या कार्पेटवर काजळीचा गोल डाग होता. चौघांनी काचा बंद करून त्या गाडीत झोपायचं ठरवलेलं होतं.

वीजही सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतलेली. सुरू होताना ग्लो प्लगला, म्हणजे तापून डिझेल पेटवणाऱ्या कांडीला, 8 ते 10 अँपिअर लागतात. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, प्लग पुरता तापत नाही, डिझेल न पेटता साचतं आणि पांढरा धूर येतो. त्याहून वाईट म्हणजे बहुतेक गाड्यांत चावी बंद केली की सॉकेट मरतं. हीटर बंद करताना पंखा काही मिनिटं फिरून आतला धूर बाहेर ढकलतो आणि डिझेल जळतं ते चेंबर थंड करतो. वीज मध्येच तुटली की तो धूर मिळेल त्या वाटेने परत येतो. हवेचा पाइप डिकीत उघडा असेल, तर तो थेट झोपलेल्या माणसांकडे. हीटरला बॅटरीवरून स्वतंत्र जाड वायर हवी आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा.

दुसरी थाप आकड्यांची. पेटीवर "8 किलोवॅट" छापलेलं असतं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 किलोवॅट-तास उष्णता असते आणि त्यातली 80 टक्के केबिनला मिळाली तर खूप झालं. म्हणजे 8 किलोवॅट हवे तर तासाला एक लिटर डिझेल जाळावं लागेल. आता पंपावरचं लेबल वाचा. पंप ठोक्याठोक्याने डिझेल ढकलतो, आणि या संचांत बऱ्याचदा 22 मिलि म्हणजे हजार ठोक्यांना 22 मिलि असा पंप येतो. सेकंदाला 5 ठोके धरले तर तासाला 18,000 ठोके, म्हणजे 396 मिलि. त्यातून केबिनला मिळतात सव्वातीन किलोवॅटच्या आसपास. खात्री हवी असेल तर पंपाची नळी मोजपात्रात सोडा, कंट्रोलरवरून प्रायमिंग (हीटर न पेटवता नुसता पंप) चालवा, ठोके मोजा.

शिवाय थारसारख्या छोट्या केबिनला 2 किलोवॅट पुरतात. मोठा हीटर छोट्या जागेत रात्रभर अगदी मंद आचेवर चालतो, ज्वाला नीट तापत नाही आणि चेंबर काजळीने भरतं. म्हणजे "मोठा घ्या साहेब" हा सल्ला पैशालाही महाग आणि हीटरलाही वाईट.

मग बसवायचा कुठे? केबिनमध्ये पुढच्या डाव्या सीटखाली, हीच बहुतेक वेळा बरी जागा. 2 किलोवॅटचा हीटर साधारण 31 सेंमी लांब आणि 12 सेंमी उंच असतो, मोठा सुमारे 38 सेंमी लांब आणि 15 सेंमी उंच. सीट पूर्ण मागे, पूर्ण पुढे आणि पुढे दुमडून, अशा तिन्ही स्थितींत उंची मोजा. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला सीट सरकवावीच लागते, आणि हीटर बसल्यावर रूळ त्याला घासताना दिसला तर उशीर झालेला असतो. सीटखाली पिवळ्या आवरणाची वायर दिसली तर ती एअरबॅग किंवा सीटबेल्टची समजा, तिला हात लावू देऊ नका. ड्रिल लावण्याआधी फिटरने गाडीखाली जाऊन चेसिसची पट्टी, ब्रेकचा पाइप, डिझेलची लाइन कुठून जाते ते दाखवलंच पाहिजे. जो खाली न वाकता वरून खूण करतो, त्याला तिथेच थांबवा.

फ्लोअर सपाट नसतो, त्याला उंचवटे असतात. त्यावर हीटर तसाच आवळला तर बॉडी पिळवटते आणि आतला पंखा घासतो. गिऱ्हाइकाला फक्त आवाज ऐकू येतो आणि "बेअरिंग गेलं" म्हणून पुन्हा पैसे घेतले जातात. सपाट स्टीलची बैठक प्लेट हवी, हीटर आणि प्लेट यांच्यामध्ये मूळ गास्केट हवं, कापलेल्या कडेला प्रायमर हवा. गास्केटऐवजी नुसतं सिलिकॉन थापलेलं दिसलं तर काम पुन्हा करून घ्या.

धुराचा पाइप गाडीच्या कडेपर्यंत नेऊन खाली-मागे तोंड करून सोडायचा. फ्लोअरखालीच सोडला तर धूर तिथेच घुटमळतो आणि दाराच्या फटींतून वर येतो. हवेच्या पाइपचं तोंड धुराच्या तोंडापासून लांब हवं आणि समोरच्या बाजूला नको, नाहीतर चालत्या गाडीत पाणी-चिखल आत घुसतो. धुराचा पाइप डिझेलची नळी, ब्रेकची होज आणि वायरिंगपासून दूर धरायचा. बर्फात गाडी लावल्यावर त्याचं तोंड मोकळं आहे ना, हे रात्री झोपण्यापूर्वी उतरून पाहायचं.

चेसिसखाली पेटी करून बसवणारेही आहेत. केबिनची जागा वाचते, पण थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा 650 मिमी आहे आणि पेटी त्याच्या कितीतरी खाली येते. नाला ओलांडणाऱ्या गाडीला ही जागा नकोच. बॉनेटखाली तर मुळीच नाही. तिथली हवा ओढून केबिनमध्ये सोडणं म्हणजे इंजिनच्या वाफा आणि गळका धूर आत घेणं.

पंपाला तोंड वर करून तिरपं बसवायचं, रबरवर, टाकीच्या जवळ. नळी 2 मिमी आतल्या व्यासाची कडक नायलॉनची. संचातली मऊ जाड नळी वापरली तर बुडबुडे साचतात आणि ज्वाला विझते. डिझेल घ्यायचं ते टाकीत वरून सोडलेल्या स्वतंत्र नळीने, तळापासून वर थांबणाऱ्या, म्हणजे हीटर कितीही चालला तरी परतीपुरतं डिझेल राहतं. कॉमन रेल (आताच्या डिझेल) इंजिनच्या लाइनला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून देणं हा वेळ वाचवण्याचा धंदा आहे, त्यातून हवा शिरली तर पहाटे इंजिनच सुरू होत नाही. जिम्नी भारतात फक्त पेट्रोलवर मिळते. तिला डिझेलची वेगळी छोटी टाकी लागेल. "पेट्रोलवरही चालतो" असं कुणी म्हणालं तर ते आगीला आमंत्रण आहे.

डेमोमध्येही खेळ असतो. पुण्यात, 560 मीटर उंचीवर, दारं उघडी ठेवून दहा मिनिटं हीटर चालवून दाखवतात. लेहला, सुमारे 3,500 मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 65 टक्क्यांच्या आसपास असतो. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हा वास न येणारा विषारी वायू. पंपाचे ठोके कमी आणि पंख्याचा वेग जास्त करण्याची सोय कंट्रोलरवर कुठे आहे, हे दुकानातच करून दाखवायला सांगा. "ऑटो अल्टिट्यूड" (उंचीनुसार आपोआप बदल) म्हणत असेल तर सेन्सर दाखवू दे. आणि मैदानातलं डिझेल टाकीत भरून वर गेलात तर थंडीत त्यात मेण धरून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं. वर पोहोचल्यावर तेच भरा आणि त्यावर हीटर थोडा वेळ चालवा, म्हणजे नळीतलं जुनं डिझेल जळून जाईल.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म "फ्री" देतात आणि बटण दाबून वाजवून दाखवतात. बऱ्याच अलार्ममध्ये त्या बटणाने फक्त भोंगा आणि बॅटरी तपासली जाते, सेन्सर नाही. गाड्यांसाठीच्या युरोपीय मानकाचा ईएन 50291-2 हा क्रमांक असलेला अलार्म स्वतः विकत घ्या आणि झोपताना डोकं जिथे येतं त्या उंचीला लावा. या मानकानुसार 50 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे 50 भाग) तो तास-दीड तासाने वाजतो आणि 300 पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. त्यामुळे आकडा दाखवणारा मिळाला तर तोच घ्या. नव्या फिटिंगची पहिली चाचणी मोकळ्या जागी, आत कुणी नसताना, काचा बंद करून दोन तास. आकडा शून्यावरून हलला तर हीटर बंद.

ज्यांच्या गाडीत असं काम झालंय, त्यांनी हीटर चालवू नये. संच उतरवण्याआधी धुराचा जोड, हवेच्या पाइपचं तोंड, पंपाचं लेबल आणि वायर कुठून घेतलीय याचे जवळून फोटो काढा. बिलावर नुसतं "ॲक्सेसरी फिटिंग" लिहिलेलं असतं. विकणाऱ्याला मेसेज करून मॉडेल आणि किलोवॅट लेखी मागा, "8 किलोवॅट" आणि "केबिनमध्ये सेफ" हे त्याच्याच शब्दांत आलं की तो पुरावा होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. विकणारा "परत आणा, फुकट नीट करून देतो" म्हणाला, तर फोटो काढून होईपर्यंत गाडी त्याच्या ताब्यात देऊ नका.