टॅन्डी मॉडेल १०० : चार पेन्सिल सेलवरचा संगणक, चार दशकांनंतर

माळ्यावरची पुस्तकांची खोकी आवरताना माझा टीआरएस-८० मॉडेल १०० पुन्हा हाती लागला. १९८७ साली टेक्सासमध्ये शिकत असताना तो मी एका सहाध्यायाकडून जुना विकत घेतला होता. चार पेन्सिल सेल घातले, उजव्या कडेचे बटण सरकवले आणि त्यावरून बोट उचलण्यापूर्वीच पडद्यावर मेनू आला: बेसिक (प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा), टेक्स्ट, टेलकॉम (फोनवरून मजकूर पाठवण्याची सोय), पत्त्यांची वही, दिनक्रम आणि तळाशी शिल्लक बाइटचा आकडा. हा संगणक जुन्या बाजारातून घेण्याचा मोह अजूनही अनेकांना होतो. त्यांच्यासाठी दोन आठवडे तो रोज वापरून हा अभिप्राय लिहीत आहे.

हे यंत्र जपानच्या क्योसेराने बनवले आणि अमेरिकेत टॅन्डीने आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून १९८३ पासून विकले. त्याचे मोल कळायचे तर दोनच वर्षे आधीचा ऑस्बोर्न १ आठवावा. तोही उचलून नेण्याजोगा म्हणूनच विकला जात असे. पण वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंचांचा आणि भिंतीतल्या विजेवाचून तो चालत नसे, त्यामुळे त्याला घेऊन निघणे म्हणजे शिवणयंत्र घेऊन प्रवासाला निघण्यासारखेच होते. (तो बाजारात आणणाऱ्या ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवन्नामलैमध्ये गेले, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.) मॉडेल १०० मात्र दीड किलोच्या आत आहे आणि जाड वहीसारखा दप्तरात मावतो.

त्याचा कळफलक हे मला आजही पहिले कौतुक वाटते. कळा पूर्ण आकाराच्या आहेत, त्या खोल दाबल्या जातात आणि आवाज करतात. शांत ग्रंथालयात शेजारचा वळून पाहील इतका. पडद्यावर ४० अक्षरांच्या आठच ओळी दिसतात. सुरुवातीला हे कमी वाटते, परंतु मजकूर लिहिताना मागचे परिच्छेद डोळ्यांसमोर नसल्यामुळे खाडाखोड न करता पुढे जाण्याची सवय लागते. पडद्यामागे दिवा नाही. संध्याकाळी टेबलदिव्याशी खेळत, कडेची चकती फिरवत, अक्षरे जेमतेम गडद करावी लागतात. प्रोसेसरचा वेग २.४ मेगाहर्ट्झ असल्याने मजकूर वर सरकतानाही थोडा रेंगाळतो. ही कुरकुर सेल पाहिल्यावर मात्र विरते: एका संचावर सुमारे २० तास काम होते, आणि सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. माझा सध्याचा लॅपटॉप या यंत्राच्या हजारो पट वेगवान असेल, पण त्याची बॅटरी बदलायची तर तो आधी पेचकसाने उघडावा लागतो.

बातमीदारांनी हा संगणक उचलून धरला तो आतल्या मोडेममुळे, म्हणजे फोनच्या तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या भागामुळे. त्याचा वेग ३०० बिट, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. सहा हजार अक्षरांचा वृत्तान्त पाठवायला तीन मिनिटांहून अधिक लागत; तरी क्रीडांगणावरून किंवा हॉटेलच्या खोलीतून तो थेट कार्यालयात पोहोचे, आणि सार्वजनिक फोन असेल तर रिसीव्हरला रबरी वाट्यांचा कपलर लावून काम भागे. आतल्या प्रणालीचा मोठा भाग बिल गेट्स यांनी स्वतः लिहिला होता. इतका मोठा वाटा आपण स्वतः लिहिलेले हे शेवटचे उत्पादन, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

दोष सांगायला हवेत. वर्षातले पहिले दोन आकडे '१९' असेच रॉममध्ये, म्हणजे न बदलता येणाऱ्या स्मृतीत, कायमचे बसवलेले आहेत. त्यामुळे २४ दिले की यंत्र शांतपणे १९२४ साल दाखवते. मला अधिक सलणारी उणीव देवनागरीची होती. १९८७ साली मी बाबांना 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' हा मायनाही रोमन लिपीत टंकून, प्रिंटरवर छापून पत्र पाठवले. उत्तर आले: "तुझे यंत्र चांगले असेल, पण पत्र दोनदा वाचावे लागले. पुढचे हाताने लिही." पुढची सगळी पत्रे मी हातानेच लिहिली. आज युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांसाठीच्या संगणकीय मानकात) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला सहसा तीन बाइट लागतात, म्हणजे ८ किलोबाइट स्मृतीच्या प्राथमिक मॉडेलमध्ये हा अभिप्रायसुद्धा मावला नसता.

विकत घेणार असाल तर आतली निकेल-कॅडमियम बॅटरी आधी तपासा. मुख्य सेल काढल्यावर स्मृती टिकवणारी हीच ती बॅटरी. ती पाझरली की आतल्या विद्युत-पट्टिकेवरचे (सर्किट बोर्डवरचे) तांबे खाते. कपॅसिटरही या वयात गळतात. माझ्या यंत्राचे कपॅसिटर मी गेल्या आठवड्यात बदलले, त्यात एक शनिवार गेला आणि डाग देताना (सोल्डर करताना) टेबलाची कड खराब झाली. दुसरी गोष्ट, विक्रेत्याला चालू पडद्याचे छायाचित्र मागा आणि त्यात शिल्लक बाइट नीट वाचा: २९,६३८ असा आकडा असेल तर ३२ किलोबाइट स्मृती पूर्ण बसवलेली आहे, आणि असे यंत्र थोडे महाग मिळाले तरी घ्यावे.