स्लीव्ह सर्जरीनंतरचे १८ महिने : ‘६० टक्के’ नक्की कशाचे?

स्लीव्ह म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन. त्याच्या आधी मी जे जे वाचत होते, त्यात एक आकडा सारखा समोर यायचा : साठ-सत्तर टक्के वजन जातं. तेव्हा माझं वजन १२६ किलो, उंची १६५ सेंटीमीटर. मी मनातल्या मनात हिशेब मांडून मोकळी. १२६ चे साठ टक्के गेले की उरले जेमतेम पन्नास! कॉलेजातसुद्धा मी पन्नास किलोची नव्हते, पण ते तेव्हा सुचलंच नाही.

ते टक्के एकूण वजनाचे नसतात, जादा वजनाचे असतात. आपल्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २५ येईल ते वजन काढायचं, माझ्यासाठी ते ६८ किलो. १२६ मधून ६८ गेले की राहिले ५८, हे ‘जादा’. त्याचे साठ टक्के म्हणजे ३५ किलो. म्हणजे मी साधारण ९१ वर यायला हवी होते. आज सकाळी काट्यावर ९१.२ होते. आकडा अगदी बरोबर निघाला, चुकला होता तो माझा हिशेब, आणि त्यापायी वर्षभर मी स्वतःला नापास समजत होते.

एकूण वजनात मोजायचं तर स्लीव्हनंतर दीड-दोन वर्षांत साधारण पंचवीस ते तीस टक्के जातं, बायपासनंतर (हृदयाचा नव्हे, जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात तो) थोडं जास्त, तीस-पस्तीसच्या घरात. ही सरासरी आहे. कोणी बरंच खाली येतं, कोणी वरच अडकतं. डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं असंही नाही. चौदाव्या महिन्यात एक जुना रिपोर्ट शोधताना पहिल्या भेटीचा कागद हाती लागला. कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात ‘अपेक्षित ८८–९५’ असं लिहिलेलं. मी तो कागद तेव्हा न वाचताच फाइलमध्ये लावला होता.

आता प्रत्यक्ष काय झालं ते. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे कमी कॅलरीचा, बहुतेक पातळच आहार होता. त्याने लिव्हर आकसतं आणि दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. त्यातच चार किलो उतरले. मग जठराचा जवळपास पाऊण भाग काढून टाकला, उरली ती केळ्याएवढी नळी. पहिल्या पंधरा दिवसांत वजन धडाधड घसरलं. तिसऱ्या आठवड्यात काटा ११५.४ वर बसला तो अकरा दिवस हलेना. दिवसभरात चार घोट सूप पोटात जातंय आणि वजन जागच्या जागी! मी रडले, काट्याचे सेल बदलले, काटा दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिला. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं हे नंतर कळलं. सुरुवातीला शरीर साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरतं, त्याच्यासोबत बरंच पाणी जातं, म्हणून काटा पळतो. मग पाण्याचा हा खेळ सावरतो आणि चरबी जात असूनही आकडा तोच राहतो. पुढे असे थांबे आणखी चार-पाच आले, सेल मात्र पुन्हा बदलले नाहीत.

तीन महिन्यांनी १०६, सहा महिन्यांनी ९७, वर्षाने ९०. या उतरंडीकडे नीट पाहा. पहिल्या सहा महिन्यांत (ऑपरेशनआधीचे चार धरून) २९ किलो, पुढच्या सहांत फक्त सात. पहिल्या महिन्याच्या वेगाने कोणी वर्षाचं गणित मांडत असेल तर आजच सोडून द्या.

भुकेचं मात्र मला कोणी नीट समजावलं नव्हतं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. त्यामुळे पहिले सहा-सात महिने जेवायची आठवण करून द्यावी लागायची. मला वाटलं, सुटले. आठव्या महिन्यात एका दुपारी पोटात ओळखीची खळगी पडली आणि मी घाबरून आहारतज्ज्ञांना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, “यायचीच होती, आतापर्यंत लावलेल्या सवयी आता कामाला येतील.” माझ्या सवयी निम्म्याच लागल्या होत्या. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रोटीन, जेवताना पाणी नाही, हे जमत होतं. बिस्किटांचं जमत नव्हतं. मऊ, विरघळणारं खाणं या नळीतून सरळ घसरतं, पोट भरल्याचं कळतच नाही. चौदाव्या महिन्यात मी ८८.६ पर्यंत पोचले होते, तिथून जे अडीच किलो चढले त्यातले बरेचसे या घसरगुंडीने आले.

सगळेच किलो मात्र बिस्किटांचे नसावेत. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या लोकांचा दीर्घ अभ्यास चालू आहे. तिथेही वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत कमी होतं, मग थोडं चढतं आणि पुढे स्थिरावतं. बायपासवाल्यांचं दहा वर्षांनी सरासरी पंचवीस टक्के वजन कमी राहिलेलं होतं. जाहिरातीतले ‘आधी-नंतर’चे फोटो बघाल तर ‘नंतर’ म्हणजे बहुधा बाराव्या-पंधराव्या महिन्यातला, तळाला असतानाचा. पाचव्या वर्षीचा फोटो मागून बघा.

केस चौथ्या महिन्यात मूठमूठ गळले, दहाव्यापर्यंत परत आले, त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. कातडी मात्र परत येत नाही. पोटावर आणि दंडांवर ती लोंबते, उन्हाळ्यात घडीखाली पुरळ येतं. ती काढायची तर वजन बराच काळ एका जागी टिकावं लागतं, म्हणून तो विषय सध्या बाजूला.

रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची एक झाली. झोपताना लागणारं श्वासाचं यंत्र नवव्या महिन्यात, पुन्हा झोपेची तपासणी करूनच, बंद झालं. बीएमआय अजून ३३ च्या वर आहे, तक्त्यात मी अजून ‘लठ्ठ’च. पण जिना चढताना मधल्या वळणावर मोबाइल बघायचं सोंग करत थांबावं लागत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते, नव्यानेही सुरू होऊ शकते. समुपदेशनात यावर एक वाक्य झालं असेल-नसेल. मला आधीपासून छातीत जळजळ व्हायची, ते मीही ठासून सांगितलं नाही. अशा माणसाला बायपास बरा पडतो का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, झालंच तर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्माचं. रात्री उशी उंच करून झोपते. पुढच्या महिन्यात दुर्बिणीने तपासणी ठरली आहे, त्यात काय निघतं ते इथेच खाली लिहीन.