चार गडी आणि एक हंडी : एका पार्टी गेमच्या मुखचित्राचे परीक्षण

गोव्याच्या फोंड्यातील काही तरुणांनी तयार केलेला, चौघांनी एकाच पडद्यासमोर बसून खेळायचा एक गेम लवकरच स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात येत असून त्याच्या मुखचित्राचे, म्हणजे तेथे गेमच्या नावासह ग्राहकाला दिसणाऱ्या चित्राचे, दोन आराखडे त्यांनी अभिप्रायासाठी पाठवले आहेत. गेम अद्याप प्रसिद्ध व्हायचा असल्याने त्याचे नाव येथे देत नाही. माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी रंगणारा चिखलकालो हा चिखलात खेळण्याचा उत्सव त्याचा आधार आहे. चार गडी चिखलात घसरत, एकमेकांना पाडत हंडीपर्यंत पोहोचतात. हंडी फोडण्यासाठी मात्र एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर चढणे भाग असते आणि खालच्याने खांदा नेमका कधी काढून घ्यायचा, यातच या गेमची सारी गंमत आहे. गेम खेळायला मजेदार आहे, हे आधीच नोंदवतो. पुढचे परीक्षण केवळ मुखचित्राचे आहे.

पहिल्या आराखड्यात सगळे काही आहे : मंदिर, दीपस्तंभ, छत्र्या घेतलेले बघे, भजनी मंडळ, पावसाळी आकाश, मध्यभागी चिखलात लोळणारी पोरे आणि वर तिरप्या अक्षरांत नाव. चित्रकाराने मारियो मिरांडा मनापासून पाहिलेला आहे, हे पहिल्या नजरेत कळते, आणि गोव्यात वाढलेल्या चित्रकाराने तो पाहिला नसता तरच नवल होते. लोटलीच्या या व्यंगचित्रकाराची गर्दी हा खरोखरच अभ्यासाचा विषय आहे. मुंबईच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतीवर ती पाहताना चहा निवून जातो, कारण प्रत्येक कोपऱ्यात कोणाचे तरी काहीतरी चाललेले असते. परंतु ती भिंत आहे. तिच्यासमोर माणूस बसलेला असतो आणि त्याला वेळ असतो.

स्टीमवर ग्राहकाला तसा वेळ नसतो. तेथे मुखचित्राची लहान आवृत्ती ४६२ बाय १७४ पिक्सेल या मापात द्यावी लागते आणि तिच्यापासून १८४ बाय ६९ व १२० बाय ४५ अशी आणखी लहान चित्रे आपोआप तयार होतात. शोधाच्या यादीत ग्राहकाला दिसते ते असे एखादे चित्र, तेही वरखाली इतर अनेक गेम असताना. पहिला आराखडा मी या मापांना लहान करून पाहिला, तेव्हा भजनी मंडळ करड्या ठिपक्यांत विरले, मंदिराचा पिवळसर डाग झाला आणि ज्यांच्यासाठी हा गेम आहे ती चार पोरे चिखलापासून वेगळी काढता येईनात. चित्र वाईट नाही, त्याची जागा चुकली आहे. ग्राहकाच्या लायब्ररीत गेमच्या पानावर जे रुंद चित्र लागते, त्याचे माप ३८४० बाय १२४० असते आणि त्यावर कोणताही मजकूर चालत नाही. ही गर्दी तेथे वापरावी. ज्याने गेम विकत घेतला आहे, तो ती निवांत पाहील.

याच आराखड्यात एका कोपऱ्यात ‘४ खेळाडू, एक पडदा, भरपूर चिखल’ अशी ओळ टाकली आहे. ती काढावीच लागेल. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू असलेल्या स्टीमच्या नियमांनुसार मुखचित्रावर गेमचे नाव, अधिकृत उपशीर्षक आणि चित्र एवढेच चालते. पुरस्कार, परीक्षणातील अवतरणे, सवलतीची जाहिरात किंवा इतर मजकूर चालत नाही. हा नियम मला पार्टी गेमच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण अशा गेमविषयी ग्राहकाला पहिली शंका असते ती किती जणांनी खेळायचे याची, आणि त्या शंकेचे उत्तर शब्दांत देण्याची सोय या नियमाने उरत नाही. ते चित्रातूनच द्यावे लागते. चित्रात तीन गडी ठळक आणि चौथा अर्धा कापलेला असेल, तर ग्राहक तिघांचाच हिशेब धरणार.

दुसरा आराखडा या कसोटीला बराच उतरतो. त्यात बघ्यांची गर्दी नाही. एक गडी दुसऱ्याच्या खांद्यावर चढून हंडीकडे हात लांबवतो आहे, खालचा आपला खांदा अलगद बाजूला सरकवत सरळ आपल्याकडे पाहून हसतो आहे, तिसरा वरच्याचा पाय ओढतो आहे आणि चौथा तोंडावर आपटून उठण्याच्या बेतात आहे. खालच्याचे ते हसू हा या चित्राचा प्राण आहे. पार्टी गेमच्या मुखचित्राने पात्रांची ओळख करून देण्यापेक्षा पात्रांत काय घडते ते दाखवावे, असे माझे ठाम मत आहे. आपण कोणाला कसे फसवणार आहोत आणि आपल्याला कोण फसवणार आहे, हे कळले की ग्राहक मनातल्या मनात आपल्या मित्रांची नावे त्या चौघांना देऊन मोकळा होतो. असा गेम बहुधा एकजण विकत घेतो आणि बाकीच्यांना खेळायला बोलावतो. त्या एकाने व्हॉट्सॲपवर दुवा टाकल्यावर सोबत जे चित्र उमटते, त्यावरच शनिवारी रात्री कोण येणार हे ठरते.

येथे ‘अमंग अस’ आणि ‘फॉल गाईज’ या दोन गाजलेल्या गेमकडे पाहण्यासारखे आहे. पहिला २०१८ मध्ये आला आणि २०२० मध्ये घराघरांत पोहोचला. दुसरा ऑगस्ट २०२० चा. दोन्हींतील पात्रांना नाकडोळ्यांचे फारसे लाड नाहीत, पण नुसती बाह्याकृती काळी करून दाखवली तरी ती ओळखू येतात. आपल्या चिखलातल्या चौघांची बाह्याकृती मात्र एकसारखी आहे : चौघेही उघडे, चौघेही सडपातळ. एकाला टोपी, एकाला पोट, एकाला उंची दिली तरी बराच फरक पडेल. चिखलाने माखलेल्या माणसांच्या चित्रात तर आकृतीवाचून दुसरा आधार नसतो.

रंगांचे गणित सर्वांत जास्त बिघडले आहे. चार खेळाडूंना लाल, निळा, हिरवा आणि पिवळा हे नेहमीचे रंग दिले आहेत आणि जमीन आहे आपल्या जांभ्याची, म्हणजे तांबडी. परिणामी लाल पंचेवाला गडी जमिनीत बुडतो, आणि दुर्दैवाने तोच खांदा काढून घेणारा आहे, ज्याच्या हसण्यावर सगळे चित्र उभे आहे. शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला भेद नीट कळत नाही, अशा खेळाडूंसाठी ही निवड गेममध्येही त्रासाची ठरेल. लालाऐवजी पांढरा पंचा द्यावा. चिखलाचे शिंतोडे त्यावर जास्त शोभतील. चिखलाचा तांबडा रंग मात्र बदलू नये. तपकिरी चिखल कुठल्याही गेममध्ये सापडतो, हा आपला आहे.

नावाच्या अक्षरांविषयी थोडे सविस्तर लिहितो. नाव देवनागरीत ठेवण्याचा आग्रह मला मान्य आहे. परंतु ४६२ बाय १७४ ही पट्टी आडवी आणि बुटकी आहे. देवनागरीला मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते. दोन ओळींत नाव बसवल्याने मूळ अक्षरांची उंची इतकी कमी झाली आहे की १२० पिक्सेलच्या चित्रात अनुस्वार नाहीसे होतात आणि वेलांट्या शिरोरेषेला चिकटतात. लहान चित्रात लोगोने जवळपास सगळी जागा व्यापावी, असे स्टीमचेही मार्गदर्शन आहे. तेव्हा या मापासाठी नाव एका ओळीत, जाड पण आतून मोकळ्या अक्षरांत नव्याने लिहावे आणि पात्रांपैकी फक्त खांदा काढणाऱ्याचे डोके ठेवावे. अक्षरांवरून ओघळणारा चिखल मोठ्या चित्रात छान दिसतो, लहान चित्रात तो छपाईचा दोष वाटतो.

रचनेतील एक गोष्ट मात्र मनापासून दाद देण्याजोगी आहे. खांद्यावर माणूस हा विषय उभा, तर ९२० बाय ४३० चे शीर्षचित्र आडवे. सामान्य चित्रकाराने मनोरा आखूड करून दोन्ही बाजूंना आकाश भरले असते. या चित्रकाराने मनोरा उजवीकडे झुकवला, त्यामुळे चौकटीची रुंदीही वापरली गेली आणि पुढच्या क्षणी काय कोसळणार हेही दिसले. उलट ६०० बाय ९०० च्या उभ्या चित्रासाठी, जेथे हा विषय आपसूक बसला असता, तेथे हेच झुकलेले चित्र दोन्ही बाजूंनी कापून दिले आहे आणि त्यात हंडीच गेली. वर पोहोचलेला हात कशासाठी लांबला आहे ते कळत नाही. दुसरा आराखडा स्वीकारावा, पण हे उभे चित्र स्वतंत्रपणे काढून घेतल्याशिवाय स्टीमवर चढवू नये.