तयार क्राफ्ट खोका: दहा दिवसांत पाचशे भेटपेट्या द्यायच्या असतील तर

ऑर्डर साधारण अशी येते. जळगावची एखादी कंपनी दिवाळीसाठी पाचशे भेटपेट्या मागते. आत पाव किलो काळा मसाला, दोनशे ग्रॅम उडदाचे पापड, पाव किलो केळीचे वेफर्स, पाव किलो शेव आणि एक किलो नवापूरची तूरडाळ. मुदत दहा दिवस, आणि सोबत अट की पॅकिंग पर्यावरणाला धरून हवं, चकचकीत प्लास्टिक चालणार नाही. अशा वेळी बाजारात जे पर्याय समोर येतात त्यांत आमची पसंती तयार मापाच्या, साध्या तपकिरी, तीन प्लायच्या (तीन कागदी थरांच्या) क्राफ्ट खोक्याला आहे. तो दिसायला सगळ्यांत साधा, पण मुदतीत हातात पडतो, वाटेत फुटत नाही आणि वापरून झाल्यावर रद्दीवाला तो पैसे देऊन घेऊन जातो.

नवा छापील खोका बनवून घ्यायचा मोह आधी होतो, म्हणून त्याचा हिशोब आधी. नमुना करून मंजूर होण्यात दोन दिवस जातात. छपाईचा स्टिरिओ (ठसा) आणि वेगळा आकार असेल तर डाय (कापायचा साचा), यात आणखी तीन-चार. मग कागदाचं रीळ हवं. क्राफ्टचा बराच कागद वापीकडच्या गिरण्यांतून येतो आणि हव्या त्या रुंदीचं रीळ कारखान्यात शिल्लक नसेल तर तिथेच गाडी अडते. त्यानंतर कोरुगेशन (मधला कागद नागमोडी करणं), पेस्टिंग, वाळवण, छपाई, स्लॉटिंग (झाकणाच्या खाचा कापणं), पिना. यातलं वाळवण कोणीही मोजत नाही आणि घोटाळा नेमका तिथे होतो. खळीनं चिकटवलेला बोर्ड रात्रभर सुकायला हवा. घाईत ओलाच कापला की पान वळतं, घड्या तिरक्या पडतात आणि खोका बंद करताना झाकणाच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असला तर एका रात्रीचं वाळवण पुरत नाही. सगळं सुरळीत झालं तरी आठ ते बारा दिवस धरावे लागतात. दहा दिवसांच्या कामात हा जुगार आहे. ज्यांच्या हातात महिना आहे त्यांनी नवा खोका जरूर करावा.

कारखान्याला फोन करताना दोन प्रश्न आधी विचारा: औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, आणि सध्या यंत्रावर केळीच्या पेट्यांचं काम चालू आहे का. रावेर-यावलकडून निर्यातीची केळी तेरा किलोच्या पेट्यांत निघतात. ती मोठी कामं चालू असताना पाचशे खोक्यांची किरकोळ ऑर्डर मागे ढकलली जाते. उन्हाळ्यातली ऑर्डर असेल तर आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आठवडा कामाचा धरूच नका.

आता तयार खोका. वर दिलेल्या मालाला 30 × 22 × 12 सेंटिमीटरचं आतलं माप पुरतं. कागद असा मागा: वरचा थर 150 जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) 20 बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागदाच्या फोडशक्तीचा आकडा), मधली फ्लूट (नागमोडी थर) आणि आतला थर 120 जीएसएम 18 बीएफ. फोडशक्तीचा हिशोब सोपा आहे. प्रत्येक सपाट थराचा जीएसएम गुणिले बीएफ, फ्लूटचा त्याच्या निम्मा, सगळ्यांची बेरीज आणि भागिले हजार. म्हणजे 3000 अधिक 2160 अधिक 1080, उत्तर सुमारे सव्वासहा किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दोन-सव्वादोन किलोच्या पेटीला हे भरपूर आहे. यापुढे पाच प्लाय घेणं म्हणजे कागद वाया घालवणं.

दुकानदार सांगेल तो जीएसएम खरा आहे का, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. या मापाच्या खोक्याला जोडाच्या पट्टीसह सुमारे 0.38 चौरस मीटर बोर्ड लागतो. फ्लूट नागमोडी असल्यानं तिचा कागद जवळपास दीडपट जातो. खळीचं वजन धरून एक खोका 170 ते 180 ग्रॅम भरायला हवा. दहा खोकी काट्यावर ठेवा. पावणेदोन किलोच्या आसपास भरली तर माल सांगितल्याप्रमाणे आहे. 1400 ग्रॅमच भरली तर हलका कागद घातला आहे, मग भाव कितीही कमी असो. दुसरी परीक्षा: एका कोपऱ्यातून थर सोलून बघा. कागदाचे तंतू फाटून निघाले तर चिकटवण पक्की. थर पापुद्र्यासारखा स्वच्छ सुटला तर खळ पातळ होती किंवा बोर्ड नीट दाबला गेला नाही, आणि असा खोका टेम्पोच्या हादऱ्यांत उकलतो. तिसरी: ओलं पांढरं फडकं घासा. सोनेरी छटेचा क्राफ्ट बऱ्याचदा रंगवलेला असतो. फडक्यावर रंग उतरला तर तोच पुढे कापडी पिशवीवर आणि पाकिटांवरही उतरेल.

याच जागी एक गैरसमज दूर करायला हवा. 'रिसायकल्ड इको बॉक्स' म्हणून जास्त भाव सांगितला जातो. आपल्याकडचा साधा तपकिरी क्राफ्ट मुळातच बहुतांशी रद्दीपासून बनतो. शेजारच्या ढिगातला बिननावाचा खोका तितकाच रिसायकल्ड असतो. जास्तीचे पैसे एफएससी प्रमाणपत्रासाठी (कागदाचा स्रोत जबाबदार असल्याचा दाखला) द्यायचे असतील तर द्या, पण मग प्रमाणपत्राचा क्रमांक बिलावर मागा. आणि खोक्याला चकाकी म्हणून प्लास्टिकचं लॅमिनेशन मात्र करू नका. त्या पापुद्र्यामुळे कागदाचा लगदा करताना खोका अडचणीचा होतो. चमक हवीच असेल तर पाण्यातलं व्हार्निश चालतं.

साध्या खोक्यावर कंपनीचं नाव कसं आणायचं? एकरंगी स्क्रीन प्रिंटिंग, पाण्याच्या शाईत. खोकी जुळवण्याआधी, सपाट असतानाच छापून घ्या. पाचशे नगांना छापायला एक दिवस आणि सुकायला एक रात्र. त्याहून घाई असेल तर कागदी पट्टा छापून खोक्याभोवती गुंडाळा. तो कोणत्याही ऑफसेट छापखान्यात एका दिवसात होतो. मिठाईच्या डब्यांवर चढवायची पारदर्शक फिल्म तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच्या यादीत आहे, तरी सणात ती सर्रास दिसते. कंपनीला माल देणाऱ्यानं तो धोका पत्करू नये.

माप आटोपशीर ठेवण्याचा फायदा कुरियरच्या बिलात दिसतो. लांबी × रुंदी × उंची भागिले 5000 हे आकारमानाचं वजन. आपल्या खोक्याचं ते बाहेरचं माप धरलं तरी दोन किलोच्या आत येतं, म्हणून प्रत्यक्ष वजनाचंच भाडं लागतं. तोच माल 35 × 30 × 15 च्या खोक्यात घातला तर 3.15 किलोचं भाडं पडतं, आणि रिकामी जागा भरायला कागद लागतो तो वेगळाच. तयार मापांत नेमकं 30 × 22 × 12 मिळालं नाही तर उंची एक-दोन सेंटिमीटर जास्त असलेला घ्या. लांबी-रुंदीत वाढवू नका, माल आडवा घसरतो.

टेपबद्दल आमचं मत थोडं नाराजीचं आहे. चिकट क्राफ्ट टेप तत्त्वतः उत्तम, कारण खोक्यासकट रद्दीत जाते. पण बाजारात दर्जा फार खालीवर. काही रोलच्या पाठीवर प्लास्टिकचा थर असतो. पेनानं लिहून बघा, शाई घसरली तर तो रोल नको. धूळ बसलेल्या खोक्यावर ती धरत नाही, म्हणून आधी कोरडं फडकं मारा आणि टेप लावल्यावर तळहातानं दाबून घासा. नुसती ठेवलेली टेप रात्रीतून तोंड उघडते. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात टेम्पोत पडून राहिलेल्या रोलचा गोंद कडेनं पाझरतो, तो रोल पुन्हा सरळ सुटत नाही. पाणी लावून चिकटवायची गमटेप जास्त पक्की बसते, पण काचेचे धागे घातलेली घेऊ नका, ती रद्दीत नकोशी असते. लागणारी टेप: मधल्या फटीवर 30 सेंटिमीटर, दोन्हीकडे पाच-पाच खाली, वर आणि तळाला मिळून 80. पाचशे खोक्यांना 400 मीटर, म्हणजे 50 मीटरचे आठ रोल. दहा आणा.

भरणीला साध्या क्राफ्टचं कात्रण चांगलं. छापखान्याचं रंगीत कात्रण फुकट मिळतं म्हणून आणू नका, शाई पाकिटांना लागते. गव्हाचा भुसा, वाळलेली केळीची पानं हे ऐकायला छान वाटतं, पण खाण्याच्या पेटीत त्यांच्यासोबत कीड आणि ओल जाते. लोणच्याची काचेची बरणी असेल तर हनीकोंब कागद (ताणला की मधाच्या पोळ्यासारखी जाळी होणारा) घ्या. बरणीला दोन वेढे द्यायचे आणि ताणून गुंडाळायचं. न ताणता गुंडाळला तर त्याची जाळी उघडत नाही आणि तो साध्या कागदाइतकाच उरतो.

सगळ्यांत अवघड भाग खोक्याच्या आत आहे. मसाला, शेव आणि वेफर्सला नुसता कागद चालत नाही. तेल उतरतं, मसाल्याचा वास उडतो, वेफर्स दमट होतात. म्हणून बाजारात खिडकीचं तपकिरी क्राफ्ट पाऊच दिलं जातं. बाहेरून कागद, आत प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमचा थर. ते दिसतं पर्यावरणपूरक, पण कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेले असल्यानं ना रद्दीवाला घेतो ना प्लास्टिकवाला. हे पाऊच आम्ही सुचवत नाही. त्यापेक्षा एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं, फूड ग्रेड, साधं पाकीट प्रामाणिक आहे, आणि ग्राहक कंपनीला ते आधीच स्पष्ट सांगावं. 'प्लास्टिक नको' ही अट शेव-वेफर्सच्या पाकिटाला लागू नाही, बाहेरच्या सगळ्या वेष्टनाला आहे, असं लेखी ठरवून घ्या. नाहीतर माल पोचल्यावर वाद होतो. मसाल्याला पत्र्याची डबी परवडली तर सर्वांत उत्तम, घरात वर्षानुवर्षं वापरली जाते. डाळ आणि पापड कोरडे, त्यांना फूड ग्रेड अस्तराची कागदी पिशवी दहा-पंधरा दिवस सहज चालते. वर्तमानपत्रात काहीही गुंडाळू नका, अन्नसुरक्षेच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांत त्याला मनाई आहे.

कंपोस्टेबल पाकीट कोणी दाखवलं तर त्यावर आयएस 17088 हे मानक, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला आहे का ते पाहा. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेलं असेल तर बाजूला ठेवा. खरं असलं तरी वेफर्ससाठी नको, कारण बाहेरची दमट हवा ते नीट अडवत नाही. शिवाय उन्हाळ्यात साठवून ठेवलं तर दिवाळीपर्यंत ठिसूळ होतं.

उसाच्या चिपाडाचे डबे ताज्या जेवणाला चांगले: भरीत-भाकरीचं पार्सल असेल तर हाच पर्याय. कोरड्या भेटपेटीत त्यांचं काम नाही. कापडी पिशवी मात्र खोक्याच्या जोडीला शोभते आणि पुढे बाजारहाटाला चालते. एक मीटर पन्ह्याचं कापड पिशवीमागे अर्धा मीटर धरा, पाचशेला अडीचशे मीटर आणि वर थोडं जास्तीचं. बचत गटाकडून शिवून घ्यायची तर कापड आधी धुऊन आटवलेलं आहे का ते विचारा, आणि दहा दिवसांत पाचशे हवी असतील तर काम दोन-तीन गटांत वाटा.

वाहतुकीला आठ भेटपेट्यांचा एक मोठा पाच प्लायचा खोका करा, आतलं माप 46 × 31 × 53. भरून अठरा-एकोणीस किलो होतो, एक माणूस उचलतो. पाचशेला त्रेसष्ट लागतात. रचताना कोपऱ्यावर कोपरा आणा. विटांसारखी सांधेमोड केली की थप्पी डळमळत नाही, पण खोक्याचं बळ उभ्या कोपऱ्यांत असतं आणि सांधेमोडीत ते निम्म्यापर्यंत वाया जातं. खोके फरशीवर टेकवू नका, लाकडी फळ्या घाला. दमट हवेत कागद पाणी ओढतो आणि सकाळी कडक असलेला तळ दोन दिवसांत दबतो.

बाहेरून माल मागवायचाच झाला तर सुरतेहून नंदुरबार-धुळ्याला एरवी एका रात्रीत येतो. दिवाळीआधी ट्रान्सपोर्टच्या गोदामात तोच दोन-तीन दिवस पडून राहतो आणि "माल उना का?" (माल आला का?) असा फोन रोज करावा लागतो. म्हणून दहा दिवसांचं वेळापत्रक असं: पहिल्या दिवशी पाच नमुने आणून प्रत्यक्ष माल भरून 75 सेंटिमीटरवरून टाकून बघा, एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. दुसऱ्या दिवशी 525 खोक्यांची ऑर्डर, पंचवीस छपाईत आणि भरताना खराब होतात. पाचव्या दिवसापर्यंत छापून घरात. सहा ते आठ भरणी. नववा दिवस मोकळा ठेवा, पाऊस, वीज किंवा टेम्पो यांतलं एक काहीतरी त्या दिवशी अडतंच. दहाव्या दिवशी सकाळी माल रवाना.