हायब्रिड गाडीचं कूलंट घरीच बदललं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी गाडी तिसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस, २०१२ची. इंजिनाचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटर किंवा १० वर्षांनी बदलायचं असतं. वर्षं केव्हाच उलटली होती, म्हणून मी ते घरी बदललं. त्याला आता आठ महिने झाले, गाडी नऊ हजार किलोमीटर फिरली. त्याच संध्याकाळी लिहायला बसले असते तर 'एका दुपारचं काम' असं लिहून मोकळी झाले असते. आता तसं म्हणवत नाही. कूलंट काढणं आणि भरणं सोपंच आहे. खरी मेहनत आत अडकलेली हवा काढण्याची.

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गारठलेलं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे. हायब्रिडमध्ये आणखी एक धोका असतो. इंजिन शांत आहे म्हणजे गाडी बंद आहे असं नाही. डॅशबोर्डवर रेडीचा (गाडी निघायला तयार असल्याचा) दिवा लागलेला असेल तर ते कधीही सुरू होतं. म्हणून पॉवर बंद केली आणि चावी घरात ठेवली. उच्च दाबाची वीज नेणाऱ्या नारिंगी केबलींच्या वाट्याला गेले नाही. या गाडीत इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाचं) कूलंट वेगळं आणि टाकीही वेगळी, त्यामुळे कोणती टाकी कशाची हे आधी नीट बघून घ्या.

ड्रेन कॉकला (कूलंट बाहेर काढायच्या तोटीला) नळी लावून तो सैल केला. आधी बारीक धार आली, वरचं झाकण काढल्यावर जोर धरला. गुलाबी रंग थोडा उतरला होता, पण गाळ नव्हता. मापाच्या कॅनमध्ये भरलं ४.६ लिटर. हा आकडा मी लिहून ठेवला आणि पुढे सगळी भिस्त त्याच्यावरच राहिली.

इंजिन ब्लॉकमधलं थोडं जुनं कूलंट आतच राहतं. त्यासाठी पाण्याने फ्लश करा असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. आपण भरतो ते तयार ५०-५० मिश्रण; आत राहिलेलं पाणी त्याला पातळ करतं, शिवाय नळाच्या पाण्यातले क्षार असतातच. आणि रंग बघून कूलंट घेऊ नका. पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्या.

नरसाळं लावून सावकाश ओतलं तर ३.९ लिटरवर टाकी भरली. म्हणजे ७०० मिलिलिटरच्या जागेत हवा होती. साध्या गाडीत इंजिन चालू ठेवलं की काम होतं, पण ही गाडी इंजिन आपोआप बंद करते. त्यासाठी मेंटेनन्स मोड लागतो. पॉवर ऑन, पण रेडी नाही; मग एका मिनिटाच्या आत पीमध्ये (पार्क) अॅक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, एनमध्ये (न्यूट्रल) दोनदा, पुन्हा पीमध्ये दोनदा. त्यानंतर ब्रेक दाबून सुरू केलं की इंजिन चालूच राहतं. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर नेऊ नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवला. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) उघडेपर्यंत नरसाळ्यात काहीच हललं नाही, मग एकदम मोठे बुडबुडे आले आणि पातळी बोटभर खाली गेली. चाळीस मिनिटांत आणखी अर्धा लिटर आत गेलं.

तरी हिशोबात २०० मिलिलिटर कमीच. मी तिथेच थांबले, ती चूक झाली. दोन दिवसांनी गाडी सुरू करताच डॅशबोर्डच्या मागून ओढ्यासारखा खळखळ आवाज आला आणि सिग्नलला हीटरची हवा गार पडू लागली. इंजिन गार झाल्यावर गाडीचं तोंड चढावर ठेवून सगळं परत केलं. बरोबर २०० मिलिलिटर गेलं आणि आवाज थांबला. या गाडीचा वॉटर पंप विजेवर चालतो, बेल्टच नाही; पंपाला हवा सोसत नाही आणि हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) हवा अडकली तर तेवढीच जागा तापते. म्हणून जेवढं निघालं तेवढं आत जाईपर्यंत काम संपलं असं मानू नका.

या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त धोक्याचा दिवा. मी ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) लावून ठेवलाय. चढावर, भर उन्हात एसी चालू असतानाही आकडा ९५ अंशांपुढे गेलेला नाही. टाकीवर मार्करने केलेल्या खुणेवर पातळी तशीच आहे. पहिला महिना मी दर आठवड्याला गार इंजिनवर बघत होते, आता महिन्यातून एकदा बघते.

जुनं कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर 'विष' असं लिहून, जुनं ऑइल घेणाऱ्यांकडे दिलं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसंही जिवावर बेतू शकतं. जमिनीवर सांडलेले चार थेंबसुद्धा लगेच पुसून, ती जागा भरपूर पाण्याने धुतली.